पट्ट्याशेजारचं स्टूल

काही माणसांचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. आमच्या ह्यांचा नाकाच्याही दोन बोटं पुढे होता. संध्याकाळी आधी राग घरात यायचा आणि त्याच्या मागून चपला काढत हे. भाजीत मीठ कमी, दाराची कडी ढिली, शेजाऱ्यांचा रेडिओ मोठा, कशावरूनही चालायचं. मीही काही गरीब गाय नाही. माझं तोंड एकदा सुरू झालं की ह्यांना मध्ये श्वास घ्यायला थांबावं लागायचं. आमची भांडणं खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जायची आणि ती संपली की चहा व्हायचा. असा आमचा संसार चालला होता, आणि खरं सांगते, माझी काही तक्रार नव्हती.

हे काचेच्या कारखान्यात बाटल्या तपासतात. भट्टीतून निघालेल्या बाटल्या थंड झाल्या की एका पट्ट्यावरून सरकत येतात. मागे पांढरा उजेड आणि पट्ट्याशेजारी स्टुलावर हे. काचेत बुडबुडा दिसला, मान तिरकी दिसली, कुठे तडा दिसला, की बाटली उचलायची आणि खालच्या डब्यात टाकायची. कारखान्यात ह्यांना 'बघ्या' म्हणतात. लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं होतं, दिवसभर नुसतं बघत बसायचं काम, माणूस शांत असणार. कसलं काय! दिवसभर गप्प बसून जे साठायचं ते घरी येऊन फुटायचं.

आम्हाला एकच मुलगी. खाण तशी माती. बापाचा राग तिला जसाच्या तसा मिळाला आणि वर माझं तोंड मिळालं. लहानपणी मी तिला 'ठिणगी' म्हणायला लागले, ते अजून सुटलेलं नाही. बापलेकीचं भांडण म्हणजे बघण्यासारखा प्रकार असायचा. दोघं दोन खोल्यांतून ओरडायची आणि मग एकाच ताटात जेवायची.

मी घरी कपड्यांची दुरुस्ती करून देते. पँट आखूड कर, झंपर सैल कर, चेन बदल, असली कामं. माझं शिलाई मशीन बिघडलं की एक मुलगा यायचा दुरुस्त करायला. सावकाश काम करणारा, हाताला तेल लागलं की आधी फडकं मागणारा. त्याचं एक लग्न होऊन मोडलं होतं आणि ते त्याने पहिल्याच भेटीत मला सांगून टाकलं होतं. पुढे मशीन जरा जास्तच वेळा बिघडायला लागलं. मी काही आंधळी नाही. दोरा मुद्दाम कोण अडकवतंय ते मला दिसत होतं, पण मी गप्प बसले, कारण मुलगा मला आवडला होता.

ठिणगीने एक दिवस त्याला चहाला बोलावलं आणि लग्नाचं सांगायला बापासमोर बसवलं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या मुलाला खिडकीच्या उजेडात डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, पट्ट्यावरची बाटली बघतात तसंच, आणि म्हणाले, "तडा गेलेला माल आहे हा. आम्ही असला पुढे जाऊ देत नाही."

मुलाने कप खाली ठेवला. मला म्हणाला, "काकू, चहा छान झाला होता. मशीनला तेल देत जा." आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ठिणगी बॅग भरून गेली. लग्नाला मी गेले, हे गेले नाहीत. त्यानंतर बापलेकीचं बोलणं बंद झालं. मी महिन्यातून दोन-तीनदा तिच्याकडे जायचे, येऊन ह्यांना सगळं मोठ्याने सांगायचे, आणि हे पेपर वाचत असल्याचं नाटक करायचे. पान मात्र उलटायचं नाही.

ती गेल्यावर ह्यांचा राग कमी होईल वाटलं होतं, तो दुप्पट झाला. शेवटी एकदा कारखान्यात कुणावर तरी ओरडता ओरडता ह्यांना घेरी आली. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि सरळ सांगितलं, की राग आवरा, नाहीतर राग तुम्हाला आवरेल. गोळ्या दिल्या आणि ध्यानाच्या वर्गाचा पत्ता दिला.

वर्ग टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये भरायचा. शिकवणारी बाई पूर्वी शाळेत पीटी शिकवायची. आयुष्यभर शिट्टी फुंकून पोरांना पळवलं आणि आता म्हाताऱ्यांना गप्प बसवते! बुद्धाने सांगितलेलं ध्यान, असं हे मला म्हणाले. श्वास बघायचा. मनात काय येतं ते बघायचं. येऊ द्यायचं, जाऊ द्यायचं, आपण नुसतं बघणारं व्हायचं. मी म्हटलं, मग तुम्हाला काय शिकायचंय त्यात? तुम्ही जन्मभर तेच करताय.

आणि खरंच, हे त्यात बघता बघता पटाईत झाले. रोज सकाळी उशी टाकून भिंतीकडे तोंड करून बसायचे. थोड्याच दिवसांत घरातला आवाज गेला. पहिल्यांदा मला बरं वाटलं. मग चमत्कारिक वाटायला लागलं. एकदा सूप चांगलंच खारट झालं होतं. ह्यांनी चमचा तोंडात घातला, डोळे अर्धे मिटले आणि म्हणाले, "चव जाणवतेय."

"जाणवतेय म्हणजे? खारट झालंय म्हणा की सरळ!"

"तसं नाही गं. चव आहे. नावड आहे. दोन्ही येतंय आणि जातंय."

एकदा माझी कापडाची मोठी कात्री ह्यांच्या पायावर पडली. पूर्वी असतं तर ह्यांनी माझ्या माहेरच्या मागच्या सगळ्या पिढ्या उद्धरल्या असत्या. हे पाय धरून खाली बसले आणि "वेदना… वेदना…" असं म्हणत राहिले, बसचा कंडक्टर पुढचा थांबा सांगतो तशा आवाजात. मी हसले, पण त्या दिवशी आयोडीन लावताना माझ्या मनात आलं, की हा माणूस मला जवळचा वाटत नाहीये. भांडायला कुणी नाही म्हणून बायको रडते हे कुणाला सांगून पटेल? मी कुणाला सांगितलं नाही.

अशात एका शुक्रवारी दुपारी दाराची बेल वाजली. ठिणगी होती. किल्ली असताना स्वतःच्याच घराची बेल वाजवून आली, ते मला लागलं. हे सुट्टीवर होते आणि खुर्चीत बसले होते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली. बसली नाही.

"बाबा, आम्ही जातोय. त्याला दूरच्या एका कपड्यांच्या कारखान्यात काम मिळालंय, तिथली सगळी मशीनं त्याच्याकडे असतील. परवा, रविवारी सकाळी ट्रक येतोय. परत कधी येणं होईल ते माहीत नाही."

ह्यांनी श्वास घेतला. सोडला. "बरं," म्हणाले.

"बरं? एवढंच?"

"तू बोल. मी ऐकतोय."

मग ती जी सुटली! माझ्या नवऱ्याला तुम्ही भंगार म्हणालात, लग्नाला आला नाहीत, मी तापाने पडले होते तेव्हा आईला एकटीला पाठवलंत, दाराशी तरी यायचं होतंत. सगळं खरं होतं. बोलता बोलता तिचा आवाज चिरकला. आणि हे मांडीवर हात ठेवून, पापण्या खाली झुकवून बसलेले. हे आत्ता काय करताहेत ते मला माहीत होतं.

"ओरडा ना!" ती म्हणाली. "काहीतरी बोला!"

"राग येतोय," हे हळूच म्हणाले. "मला दिसतोय तो."

"कुणाचा?"

"कुणाचा असा नाही. नुसता राग."

ठिणगीने त्यांच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे वळली. तिचा आवाज एकदम साधा झाला. "आई, मी बाबांशी भांडायला आले होते. पण घरात कुणी नाहीये." तिने पर्समधून आमच्या घराची किल्ली काढून मशीनवर ठेवली आणि जिना उतरून गेली.

मी ह्यांच्यावर जी तुटून पडले ती विचारू नका. हे म्हणाले, "अगं, हे सगळं येतं आणि जातं."

"पोरगी गेली अहो! ती पण येतेच आणि जातेच का?"

 ह्यांनी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला होता की बोटांची पेरं पांढरी झाली होती. तेव्हा मला कळलं की आत माणूस आहे, बाहेर येता येत नाहीये त्याला. मी चपला घातल्या.

"चला."

"कुठे?"

"तुमच्या त्या शिट्टीवाल्या बाईकडे."

टायरच्या दुकानावरचा हॉल रबराच्या वासाने भरलेला होता. बाई उशा रचून ठेवत होत्या. केस बारीक कापलेले, पायात कॅनव्हासचे बूट, वय माझ्याहून बरंच जास्त पण पाठ ताठ. मी जिन्यातच सुरुवात केली होती. "बाई, माझ्या नवऱ्याचं काय केलंत तुम्ही? भांडखोर होता, पण माझा होता. आता घरात नुसता पुतळा बसलाय. लेक दारातून परत गेली!" आणि मग सगळं सांगितलं, माल आणि तडा आणि किल्लीसुद्धा.

बाईंनी मला पाणी दिलं आणि ह्यांना उशीवर न बसवता खुर्चीवर बसवलं. "बघ्या," त्या म्हणाल्या. हे टोपणनाव बहुतेक ह्यांनीच सांगितलं असावं. "तुम्ही डोळे मिटून बसता तेव्हा नेमकं काय करता? मी शिकवलं ते नको. तुम्ही काय करता ते सांगा."

हे जरा लाजले. मग म्हणाले, "पट्टा असतो. मागे उजेड. एकेक गोष्ट सरकत येते. चांगली असली तर पुढे जाऊ देतो."

"आणि चांगली नसली तर?"

"काढून टाकतो."

"कुठे?"

"डब्यात."

बाई खो खो हसायला लागल्या. मला राग आला, पण त्यांचं हसणं कुचेष्टेचं नव्हतं. "अहो, काढायला कुणी सांगितलं तुम्हाला? मी येऊ द्या म्हणाले, जाऊ द्या म्हणाले. वेचून टाका असं कधी म्हणाले?"

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. इतके महिने हा माणूस सकाळी उठून ध्यानात बाटल्या तपासत बसला होता! मला हसावं की कपाळ बडवून घ्यावं ते कळेना.

"काय काय टाकलंत?" बाईंनी विचारलं.

"राग. पोरीचं लहानपण. त्या दिवशीचा तो चहाचा कप." हे थांबले. "आणखी एक असतं. ते सगळ्यात जास्त येतं."

"ते काय?"

हे चष्मा काढून पुसायला लागले. बाईंनी ताणलं नाही. त्यांनी विचारलं, "तुमच्या कारखान्यात डब्यातल्या बाटल्यांचं पुढे काय होतं?"

"चुरा करतात. परत भट्टीत जातो. त्याचीच पुन्हा बाटली होते."

"म्हणजे परत पट्ट्यावर येते."

"हो."

"बरं. आणि तुम्ही कुठे असता?"

"स्टुलावर. बाजूला." ह्यांचा आवाज एकदम लहान झाला. "तिथे बरं वाटतं. तिथे मला कुणी काही करू शकत नाही."

"बघणारं व्हा असं मी सांगते, ते लोकांना जरा दम खाता यावा म्हणून," बाई म्हणाल्या. "तुम्ही तिथे बिऱ्हाडच थाटलंत. बाजूला असं काही नसतं हो. बघतोय असं वाटणारा जो कुणी आहे ना, तोही येतो आणि जातो, रागासारखाच. तुमचं स्टूलसुद्धा पट्ट्यावरच आहे, बघ्या."

मला ह्यातलं फारसं कळलं नाही. मी कपड्यांची दुरुस्ती करणारी बाई. पण हे उठून उभे राहिले आणि त्यांनी खरोखर पायाखाली बघितलं.  शनिवारी कामावर गेले, आले, जेवले. मी काही विचारलं नाही, जे मला किती जड गेलं ते माझं मला माहीत.

रविवारी सकाळी हे दाढी करून इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "येतेस ना?" बसमध्ये ओठ हलत होते. मी कान दिला. 'त्या दिवशी माझं चुकलं, मोठ्या मनाने विसरून जा', असं काहीतरी घोकत होते, शाळेतल्या पोरासारखं. माझं मन भरून आलं, पण मी खिडकीबाहेर बघत राहिले.

ठिणगीचं घर चौथ्या मजल्यावर. दार जावयाने उघडलं. हातात चिकटपट्टीचा रोल होता. "या," म्हणाला, आणि बाजूला झाला. आत सगळीकडे खोकी. ठिणगी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून काचेचे ग्लास वर्तमानपत्रात गुंडाळत होती. तिने बापाकडे बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली. हे खाकरले. वाक्य सुरू करणार होते. तेवढ्यात त्यांची नजर ग्लासांवर गेली.

"असे नाही, असे नाही! आधी आत कागद कोंबायचा, मग बाहेरून. नाहीतर पहिल्याच खड्ड्यात चुरा होईल." आणि वाक्य राहिलं बाजूला. हे एका उलट्या क्रेटवर बसले आणि कागद ओढून घेतला. ठिणगीने एक ग्लास त्यांच्यापुढे धरला. मग दुसरा. हे प्रत्येक ग्लास सवयीने खिडकीकडे धरायचे, एकदा फिरवायचे, कागद कोंबायचे, गुंडाळायचे, खोक्यात उभा लावायचे. चांगलं चाललं होतं. मला वाटलं, चला, बोलले नाहीत तरी हात तरी बोलताहेत.

एका ग्लासाशी हात थांबला. हे उजेडात बघून म्हणाले, "ह्याला तडा आहे."

खोलीत सगळं थांबलं. जावयाच्या हातातली चिकटपट्टी अर्धी ओढलेली तशीच राहिली. ठिणगीचा चेहरा लाल झाला. मी मनात म्हटलं, मेलो.

मग ह्यांना स्वतःचं बोलणं ऐकू गेलं. मी वाट बघत होते, आता पापण्या खाली जातील, आता तो कंडक्टरचा आवाज येईल. तो आला नाही.  "ग्लासाला म्हणालो," ते म्हणाले. "ग्लासाला म्हणालो गं! जावयांना नाही… बघ, इथे काठाशी आहे, बघ ना…" ग्लास तिच्यासमोर धरून दाखवत होते, आणि ते दाखवता दाखवता रडायला लागले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांना असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. तोंड झाकायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"दोन वर्षं, बाबा!" ठिणगी ओरडली. "दोन वर्षं एक फोन केला नाहीत!"

"तू केलास?" हे रडत रडतच ओरडले.

"मी का करू? तुम्ही बोलला होतात!"

"मीच बोललो होतो, म्हणून तर! कुठल्या तोंडाने करणार होतो फोन?"

"राग जात नव्हता तुमचा!"

"राग कसला? लाज वाटत होती मला! रोज वाटत होती! आधी डोळे उघडे ठेवून वाटायची, मग मिटून!"

चौथ्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत ऐकू गेलं असणार. समोरचं एक दार उघडून पुन्हा लागल्याचा आवाज मी ऐकला. आणि मला काय झालं सांगू? मला इतकं बरं वाटलं, की मी तिथेच एका खोक्यावर बसले आणि पदराने डोळे पुसत हसायला लागले. माझी दोन्ही माणसं घरी आली होती.

हे जावयाकडे वळले. ते घोकलेलं वाक्य शोधत असावेत, पण ते सापडेना. तडा गेलेला ग्लास मुठीत घट्ट धरून नुसतं "तुम्हाला मी… त्या दिवशी मी तुम्हाला…" एवढंच म्हणत राहिले.

जावयाने चिकटपट्टी खाली ठेवली, येऊन ह्यांच्यासमोर बसला आणि एकेक करून ह्यांची बोटं सोडवली. "बाबा, तो इकडे द्या आधी," तो म्हणाला. "हात कापेल तुमचा."

त्याच्यासाठी मी 'काकू'ची 'आई' केव्हाच झाले होते. ह्यांना तो 'बाबा' पहिल्यांदाच म्हणाला.

ठिणगीने नाक पुसलं. बापाच्या जवळ सरकली आणि अजून थोडी रागातच म्हणाली, "मग? आता काय दिसतंय तुम्हाला?"

"काही दिसत नाही गं," हे म्हणाले. "चष्मा ओला झालाय."

तिने त्यांच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. खूप वेळ पुसत होती. हे चष्म्याशिवाय तसेच बसून होते, उघड्या चेहऱ्याने, तिच्या दिशेने तोंड करून. खाली ट्रकने हॉर्न दिला. जावई उठायला लागला.

"थांबू दे त्याला," ठिणगी म्हणाली.